टू-स्ट्रोकचा तो जमाना

जुम्याच्या दिवशी चाचा पांढरा झब्बा घालून, अत्तर लावून मशिदीत जायचे. तरी त्यांच्या बोटांना टू-टी ऑईलचा वास असायचाच. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं गॅरेज होतं. शाळा सुटली की आम्ही चुलत-सख्खी सगळी भावंडं तिथं जाऊन बसायचो. पाने-स्क्रू ड्रायव्हर उचलून द्यायचे, चहा आणायचा आणि चाचांच्या गोष्टी ऐकायच्या.

त्या गोष्टी मोटोक्रॉसच्या असत. म्हणजे चिखल, दगड, टेकाडं यांवरून मोटारसायकल पळवायची शर्यत. रद्दीतून आणलेल्या परदेशी मासिकातलं एक पान त्यांनी भिंतीला चिकटवलं होतं. त्यावर बेल्जियमचा रॉजर डी कॉस्टर चिखलाने माखून गेलेला. सुझुकीवर बसून त्याने १९७१ ते १९७६ या सहा वर्षांत ५०० सीसीचं जगज्जेतेपद पाच वेळा जिंकलं. पण चाचांचा जीव अडकला होता तो चेक गाड्यांत. जोएल रॉबर्टने १९६४ साली २५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं ते सीझेडवर, आणि १९६६ ते १९६८ अशी सलग तीन वर्षं पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीडरिक्सने ५०० सीसीचं, तेही सीझेडवरच. जावा आणि सीझेड ही एकाच घरातली भावंडं. म्हैसूरला १९६१ पासून जावा बनू लागली, पुढे तिचीच येझदी झाली. त्यामुळे दारातल्या येझदीकडे बोट दाखवून चाचा म्हणायचे, हिच्या खानदानात चॅम्पियन आहेत!

टू-स्ट्रोकची खुबी त्यांनी आम्हाला शाळेच्या पुस्तकाआधी शिकवली. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकचे दोन फेरे झाले की एकदा स्फोट. यात प्रत्येक फेऱ्याला. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, म्हणून इंजिन हलकं. शर्यतीच्या गाडीचा सायलेन्सरचा पाइप मध्येच फुगीर असतो, तो उगाच नाही. बाहेर पळणारं ताजं मिश्रण त्यातल्या दाबाच्या लाटेने परत आत ढकललं जातं. म्हणून ती गाडी आधी मरगळलेली वाटते आणि ठरावीक आरपीएमला पोचली की एकदम उसळते. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल.

पण सगळंच मिश्रण काही परत येत नाही. थोडं पेट्रोल न जळताच निघून जातं, सोबत तेलाचा निळा धूर. तोच नडला. येझदी आणि आरएक्स-१०० दोन्ही १९९६ साली बंद झाल्या, २००० साली धुराचे नियम आणखी कडक झाले. तिकडे १९९७ साली लास वेगासला डग हेन्रीने यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर सुपरक्रॉस जिंकली. फोर-स्ट्रोकला जादा सीसीची सूट होती, चाचांना ते आजही अन्यायाचं वाटतं. आम्हाला वाटत नाही. आज जिना चढताना त्यांना लागणारा दम आम्ही बघतो, आणि त्या बंद गॅरेजमधला निळा धूर आठवतो.

हे सगळं आता निघालं ते भाच्यामुळे. वय अठरा, लायसन नुकतंच आलेलं, आणि चाचांची येझदी हवी. तीही सायलेन्सर कापून, मोबाइलवरच्या व्हिडिओतल्यासारखी. आमच्या शाळेतला एक मुलगा गेल्या वर्षी अशाच गाडीवरून रात्री हायवेला गेला. त्याच्या जनाज्यात आम्ही उभे होतो. आपा तर गाडी भंगारात घाला म्हणत होत्या. घरात दोन दिवस कोणी धड बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी असरनंतर चाचांनी भाच्याला हाक मारली. रस्त्यावर न्यायची नाही, सायलेन्सरला हात लावायचा नाही, हे आधीच बजावलं. मग प्लगपाना त्याच्या हातात दिला.

"पैले प्लग खोल. रंग बता."

त्याने खटपट करून प्लग काढला. "काळा आहे, दादाजी. ओलापण आहे."

"चॉकलेटी पाहिजे. पांढरा पडला तर समज पिस्टन जाणार. काळा म्हणजे?"

भाचा गप्प. चाचांनी पॉलिश पेपरचा तुकडा पुढे केला. मगरिबची अजान होईपर्यंत दोघं अंगणात मांडी घालून कार्ब्युरेटर खोलत बसले होते. आपांनी दोघांचा चहा तिथंच नेऊन ठेवला.