हाडाची करवत

आमच्या अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ सालापासून आहे. त्यामुळें शस्त्रक्रिया हा शब्द येथील घरांना नवा नाहीं. तरीही गेल्या श्रावणांत आमच्या वडील वहिनींच्या गुडघ्याचा झिजलेला सांधा बदलावयाचें ठरलें, तेव्हां घर हादरलें. वहिनींनीं सर्व ऐकून घेतलें; धीर सुटला तो एका शब्दापाशीं. "भावजी, हाड म्हणजे काय लांकूड आहे, करवत लावायला?" काशीकरवतीच्या कथा ऐकत ज्यांचें बालपण गेलें, त्यांना या शब्दानें कांपरें भरावें यांत नवल तें काय?

मला मात्र सुश्रुताचें स्मरण झालें. 'करवत' हा शब्द संस्कृत 'करपत्र' यावरूनच आलेला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील आठव्या अध्यायांत वीस शस्त्रें सांगितलीं आहेत; त्यांत करपत्राचें नांव दुसरें. तेथेंच शस्त्राचे आठ दोषही दिले आहेत: वांकडें, बोथट, तुटकें, खरखरीत धारेचें, फार जाड, फार लहान, फार लांब आणि फार आंखूड. या दोषांपासून मुक्त असेंच शस्त्र घ्यावें, अपवाद एका करपत्राचा. त्याची धार खरखरीतच हवी, कारण त्याला हाड कापावयाचें असतें!

कारण उघड आहे. मऊ मांस गुळगुळीत धारेनें कापलें जातें. कठीण हाडावर ती घसरते. करवतीचा प्रत्येक दांता हाडाचा कण खरवडून काढतो, आणि दोन दांत्यांमधील खांच तो भुसा बाहेर नेते. हल्लींच्या यांत्रिक करवतीच्या पात्याला दांते केवळ टोकाशींच असतात. तें पातें पुढेंमागें न जातां मिनिटाला हजारों वेळां किंचित् डावीउजवीकडे हलतें.

धाकट्या बंधूंचा मुलगा अस्थिशल्यचिकित्सक आहे. तो म्हणाला, "काकू, आम्ही हाड तोडून टाकीत नाहीं. टोकावरची सुमारें दहा मिलिमीटर जाडीची चकती काढतों, आणि तो काप अगदीं सपाट हवा, कारण नवा सांधा त्याच्यावरच बसतो."

"मग भीति कशाची?" मीं विचारलें.

"उष्णतेची," तो म्हणाला. घर्षणानें हाड तापतें. एरिक्सन व अल्ब्रेक्टसन या स्वीडनमधील संशोधकांनीं १९८३ सालीं सशांवरील प्रयोगांतून दाखविलें कीं, ४७ अंश सेल्सिअस उष्णता एक मिनिट लागली तरी हाडाला इजा होते. म्हणून कापतांना मिठाच्या निर्जंतुक पाण्याची धार सोडतात. पातें बोथट झालें तर घर्षण वाढतें, आणि दाब देऊन कापावें लागल्यानें काप वांकडा जाण्याचा संभवही वाढतो. सुश्रुतानें खरखरीतपणाची सूट करपत्राला दिली. बोथटपणाची दिली नाहीं, हें येथें ध्यानांत येतें.

पुष्कळ पातीं एकाच शस्त्रक्रियेपुरतीं बनविलेलीं असतात. तेव्हां "पातें नवें आहे ना?" असें रुग्णाच्या माणसांनीं नम्रपणें विचारण्यांत कांहीं गैर नाहीं. वहिनींनीं तें स्वतःच विचारलें. डॉक्टरांनीं हंसून बंद पाकीट दाखविलें, आणि त्या शांतपणें आंत गेल्या.

मार्गशीर्षांत योगेश्वरीच्या उत्सवाला त्या काठी टेकीत, पण पायीं गेल्या.