सोन्याखालचा चीक

जपानी सुझुरिबाको, म्हणजे लेखनसाहित्याची पेटी, ही झाकण लावून पाहायची वस्तू नाही, असं माझं ठाम मत आहे. झाकण उचललं की आत उगाळायचा दगड, पाण्याचा थेंब थेंब सोडणारं चिमुकलं भांडं, शाईची कांडी, कुंचले, कधी कागद कापायची सुरी. दगडाच्या सपाटीला ‘जमीन’ म्हणतात, टोकाच्या खळग्याला ‘समुद्र’. काजळी आणि सरस यांची कांडी जमिनीवर चंदनासारखी उगाळायची आणि शाई समुद्रात उतरू द्यायची. झाकणाच्या आतल्या बाजूलाही बहुधा चित्र असतं, पण ते दिसतं लिहायला बसणाऱ्यालाच.

टोकियो राष्ट्रीय संग्रहालयातली होनामी कोएत्सूची ‘फुनाबाशी’ पेटी सतराव्या शतकातली. झाकण मधोमध चांगलंच फुगलेलं, त्यावर सोन्याच्या लाटा आणि नावा, आणि नावांवरून आडवा गेलेला शिशाचा काळपट पट्टा. हाच पूल. भोवती चांदीत एका जुन्या कवितेची अक्षरं आहेत. त्यातले ‘नावांचा पूल’ हे शब्द मात्र गाळलेत. शिशाचा पट्टा पाहून ते वाचणाऱ्याने भरायचे. एवढ्या सोन्यावर शिसं ठेवायला धाडस लागतं, आणि वाचणाऱ्यावर विश्वासही.

हे सगळं तोलून धरते ती उरुशी. आपल्याकडची लाख किड्यांपासून मिळते. उरुशी हा झाडाचा चीक, आणि झाड बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उतल्यावर अंगाची काय दशा होते हे ज्याने भोगलंय, त्याला या धंद्यातल्या शिकाऊ पोरांचे सुजलेले हात वेगळे समजावून सांगायला नकोत. इवाते प्रांतातल्या जोबोजी भागात दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाला उन्हाळ्यापासून पानगळीपर्यंत चिरा देतात. हंगामभरात एका झाडाचा चीक भरतो जेमतेम 200 ग्रॅम. मग झाड तोडतात आणि खोडाला नवे धुमारे फुटायची वाट बघतात.

कानाझावातल्या एका कारागिराकडे मी हे काम जवळून पाहिलं. उंदराच्या केसांच्या बारीक कुंचल्याने त्याने उरुशीची गवताची पाती ओढली. मग एका टोकाला रेशमी जाळी बांधलेली नळी तिरकी धरून बोटाने हलकेच टिचकी मारली. सोन्याची भुकटी भुरभुरली आणि ओल्या रेघेवर तेवढी चिकटली. ही माकी-ए. काही प्रकारांत यावर पुन्हा काळी उरुशी चढवून सगळं झाकून टाकतात आणि ती कडक झाल्यावर कोळशाने घासत घासत सोनं परत वर आणतात. एक घासा जास्त झाला तर पातं गेलंच.

थर कडक व्हायला ऊन चालत नाही. चिकातलं विकर हवेतला प्राणवायू घेऊन थर घट्ट करतं, आणि त्याला ओलावा लागतो. म्हणून लाकडी कपाट आतून ओल्या फडक्याने पुसून दमट ठेवतात आणि वस्तू त्यात ठेवतात. एक थर, कपाट, घासणी, पुन्हा थर. घाई करायला इथे वावच नाही.

त्याच खोलीत दुरुस्तीला आलेली एक जुनी पेटी होती. झाकणाच्या कडेचा पापुद्रा सुटला होता. गव्हाच्या पिठात कालवलेली उरुशी त्याच्याखाली सारून पेटी लाकडी चौकटीत ठेवली होती, आणि चौकटीच्या वरच्या फळीपासून पापुद्र्यापर्यंत बांबूच्या कामट्या वाकवून अडकवल्या होत्या. कामटी सरळ व्हायला बघते, तोच तिचा दाब. जोर कमी पडला तर पापुद्रा बसत नाही, जास्त झाला तर तडकतो. कारागीर बोटाने कामटी दाबून पाहत होता आणि एखादी काढून जरा पातळ तासत होता.

झाकण उचलताना बोटं जिथे पडतात तिथलं सोनं झिजून खालचा काळा थर दिसत होता. ते पुन्हा भरणार नाही, असं त्याने सांगितलं. मला ते पूर्ण पटलं. सुटलेला पापुद्रा हा बिघाड, तो थांबवायलाच हवा. ती झीज मात्र पेटी वापरणाऱ्यांची आहे, आणि तिच्यावर नवं सोनं चढवायचा हक्क दुरुस्त करणाऱ्याला नाही.