रामेन कुठे बिघडतं?

मुंबईतल्या एका हॉटेलात अलीकडे मी तोनकोत्सु रामेन मागवलं. सूप दुधासारखं पांढरं दिसत होतं, पण जिभेला पिठूळ लागलं. नूडल्स उचलताना तुटत होत्या. वरचं सूप अळणी, तळाचं खारट, आणि सगळंच कोमट. एवढा सुंदर पदार्थ असा समोर आला की वाईट वाटतं. यातल्या प्रत्येक तक्रारीचं कारण मात्र सांगता येतं, कारण रामेनचे घटक स्वतंत्रपणे तयार होतात आणि अगदी शेवटच्या मिनिटात एकत्र येतात.

आधी सूप. तोनकोत्सु हा जपानच्या क्युशू बेटावरचा, फुकुओकाकडचा प्रकार. डुकराची हाडं स्वच्छ करून कित्येक तास मोठ्या आचेवर खळखळ उकळतात. हाडं-कूर्चांमधल्या कोलॅजेनचं जिलेटिन होतं. सततच्या खळखळीने चरबीचे बारीक थेंब होतात आणि जिलेटिन त्यांना पाण्यात धरून ठेवतं. सूप पांढरं होतं ते यामुळे. स्वच्छ सूप हवं असेल तर याच्या बरोबर उलट करतात: मंद आच, उकळी फुटू द्यायची नाही. खऱ्या तोनकोत्सुने ओठ किंचित चिकट होतात आणि फ्रीजमध्ये ठेवलं तर ते जेलीसारखं गोठतं. वेळ वाचवायला दूध किंवा कॉर्नफ्लोअर घातलं तर रंग आणि दाटपणा येतो, पण हा गुण येत नाही.

सूपची खोली उमामी या मांसल, भरदार चवीवर ठरते. 1908 साली किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातलं ही चव देणारं ग्लुटामेट वेगळं केलं. 1913 मध्ये शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट सापडलं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. म्हणूनच अनेक दुकानांत हाडांच्या सूपला कोंबूची आणि सुक्या माशांची जोड देतात. शाकाहारी वाचकांनी निराश व्हायचं कारण नाही. वाळवलेल्या शिताके मशरूममधलं ग्वानिलेट हेच काम करतं. कोंबू आणि वाळलेले शिताके भिजवून केलेलं सूप भरदार लागतं. भाज्यांच्या पाण्यात सोया सॉस ओतून दिलेल्या ‘व्हेज रामेन’ला माझ्या मते रामेन म्हणू नये.

आता मीठ. मूळ सूप बहुधा अळणीच ठेवतात. खारटपणा ‘तारे’ नावाच्या दाट मिश्रणातून येतो, आणि ते सोया सॉसचं, मिठाचं किंवा मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं) असतं. गरम केलेल्या बाउलमध्ये आधी थोडं तारे, मग साधारण दहापट सूप. नीट ढवळलं नाही की तारे तळाशी राहतं. माझ्या बाउलमध्ये झालं ते हेच. लसूण, कांद्याची पात वगैरे घालून केलेलं सुगंधी तेल वास धरून ठेवतं आणि तरंगत राहून सूपची उष्णताही राखतं. होक्काइदोच्या थंडीत साप्पोरोच्या मिसो रामेनवर चरबीचा जाड थर असतो तो याच उपयोगाचा.

नूडल्सचं गणित सगळ्यांत नाजूक. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि ‘कान्सुई’ हा क्षार, म्हणजे मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. पापडखार उडदाच्या पिठात घालतो तसाच हा क्षार इथे गव्हाच्या पिठात जातो. त्याने ग्लुटेन घट्ट होतं, नूडल्सना चिवट लवचीकपणा येतो आणि पिठातली रंगद्रव्यं पिवळी पडतात. क्षार नसलेल्या साध्या नूडल्स गरम सूपमध्ये लवकर हार मानतात. फुकुओकाच्या हाकाता भागातल्या बारीक, कमी पाण्यात मळलेल्या नूडल्सही सूप भराभर शोषतात, म्हणून तिथे वाढप लहान असतं आणि सूप उरलं की ‘काएदामा’ म्हणजे नूडल्सचा दुसरा गोळा मागवतात. साप्पोरोच्या जाड, नागमोडी नूडल्स जास्त पाण्यात मळलेल्या असल्याने जरा दम धरतात. उकडल्यावर पाणी झटकून काढलं नाही तर तेच पाणी सूपमध्ये उतरतं आणि सूप पांचट होतं.

वरचा चाशू (डुकराच्या मांसाचे काप), मऊ बलकाचं अंडं, कांद्याची पात यांची फार चर्चा नको. फ्रीजमधलं मांस तसंच ठेवलं तर सूप निवतं, एवढं पुरे.

नूडल्स सूपमध्ये पडल्या की पुढच्या काही मिनिटांतच रामेन उत्तम लागतं. म्हणून फोटो काढत बसू नका. बाउल आला की तळापासून एकदा ढवळा आणि लगेच खायला लागा. पार्सल मागवायचंच असेल तर सूप आणि नूडल्स वेगवेगळ्या डब्यांत मागा, आणि सूप घरी पुन्हा उकळून घ्या.