लेप माशाचा आहार व आहारसवयी

लेप (सायनोग्लॉसस) हा भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत चिखलमिश्रित वाळूच्या तळावर राहणारा चपटा सागरी मासा होय. त्याचे दोन्ही डोळे डाव्या बाजूस, तर सूक्ष्म दात केवळ तळाकडील बाजूस असतात. त्यामुळे गाळातील बहुशूकी कृमी, लहान कवचधारी प्राणी व शिंपले यांवर त्याची उपजीविका चालते. याउलट भाकस (सेटोडस एरुमी) या चपट्या माशाचे मुख मोठे व दात तीक्ष्ण असल्याने तो मुख्यत्वे मासेच खातो. तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांमुळे कृमींचे अधिवास विस्कळीत होतात. म्हणूनच लेपाच्या संवर्धनाचा विचार करताना केवळ मासेमारीच्या प्रमाणावर नियंत्रण पुरेसे नाही. त्याचे अन्न पुरविणाऱ्या सागरतळाचे रक्षणही तितकेच आवश्यक ठरते.