जुन्या संगणक-प्रणालीचे कुलूप

जुने औषधालय चालवावयास घेतल्यावर वैद्यबंधूंना कधी कधी असा संगणक मिळतो, ज्यात नोंदी शाबूत असतात पण प्रणाली उघडत नाही. अशा वेळी कुलूप कोणत्या जातीचे आहे, हे आम्ही प्रथम पाहतो.

१९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ ला मूळ फ्लॉपी संगणकात लागे. तिच्यावरील खूण साध्या नकलेत उतरत नसे. नक्कल दिसावयास हुबेहूब, गुणाने निर्वीर्य. १९८५ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही किल्ली हार्ड डिस्कवर नेता येई, परंतु त्याची नोंद मूळ फ्लॉपीवर होई. म्हणून अशी फ्लॉपी मिळताच उत्साहाने ‘इन्स्टॉल’ करू नये! सव्वापाच इंची फ्लॉपीची खाच आधी चिकटपट्टीने झाकावी (साडेतीन इंचीचे छिद्र मात्र उघडे ठेवावे) आणि क्रायोफ्लक्ससारख्या, चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणाऱ्या उपकरणाने प्रतिमा घ्यावी.

दुसरी जात डोंगलची. प्रिंटरच्या २५ पिनांच्या खोबणीत बसणारी ही डबी क्षुल्लक समजून भंगारात जाते, आणि तिच्याविना हिशेब मुके होतात. पैसे देण्यापूर्वीच ती मागून घ्यावी.

कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ५२ प्रणालीच्या कायदेशीर धारकास राखीव प्रत करू देते. २०१२ मध्ये आलेले कलम ६५ अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास शिक्षा सांगते. सबब मूळ खोका, परवानापत्र आणि खरेदीची पावती फ्लॉपीसोबतच जपावी.