धूर, वाफ आणि ऑनलाइन पाठ

जूनमध्ये नवीन शैक्षणिक वर्ष सुरू होईल. तेव्हा आज ऑनलाइन अभ्यासक्रमाचे घटक, म्हणजे ज्याला आपण सगळे मॉड्यूल म्हणतो, ते कसे बांधावेत याचा विचार करू.

केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं. तिथल्या अभ्यासक्रमाला चार अंगं असतात : दृक्‌श्राव्य पाठ, वाचनसाहित्य, शंकाचर्चा आणि मूल्यमापन. व्यवहारात मात्र सगळे कष्ट पहिल्या दोन अंगांवरच खर्च होतात. तासाभराचं व्याख्यान चित्रित केलं, पीपीटी जोडली, झालं मॉड्यूल! आमच्या मते खरा जीव तिसऱ्या अंगात आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादात सॉक्रेटिसची तक्रारच अशी आहे की, लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो पुन्हा पुन्हा तेच सांगतो. व्हिडिओचंही तसंच आहे.

एक उदाहरण घेऊ. न्यायदर्शनातला अनुमानाचा पाठ. ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे.’ बोईसरच्या विद्यार्थ्याला पर्वत कशाला हवा? त्याला तारापूर एमआयडीसीतलं धुराडं रोज दिसतं. पण थांबा, तो धूर आहे की नुसती वाफ? वाफेलाच धूर समजलो तर हेतूच सिद्ध झालेला नाही. हा झाला ‘असिद्ध’ हेत्वाभास. यावर एखादी मुलगी विचारेल, “सर, वाफ करायलाही बॉयलरखाली जाळ लागतोच ना?” उत्तम प्रश्न! आता शेजारच्या अणुविद्युत केंद्राकडे बघा. १९६९ पासून तिथे वीज तयार होऊ लागली. टर्बाईन फिरतं वाफेवरच, पण उष्णता येते अणुविभाजनातून, जाळातून नव्हे. म्हणजे ‘जिथे वाफ तिथे अग्नी’ ही व्याप्ती मोडली. हा शोध त्या मुलीच्या प्रश्नातून लागतो. म्हणून व्हिडिओ बारा मिनिटांत थांबवा आणि शेवटी उत्तर न देता प्रश्न ठेवा.

आता दुसरी बाजू. हा पाठ ऐकणार कोण? कुणी रात्रपाळी करून आलेला, कुणी डहाणू-विरार लोकलमध्ये उभा, कुणी जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यावर, जिथे घरात एकच मोबाईल आणि पावसात रेंज जाते. ढोबळ हिशेब करा : बारा मिनिटांचा साधा व्हिडिओ ९० एमबीच्या आसपास जातो, तेच बोलणं आवाजाच्या फाईलमध्ये तीन एमबीत बसतं. म्हणून प्रत्येक घटकाबरोबर आवाजाची फाईल आणि दोन पानांचं टिपण द्यायलाच हवं. ठरलेल्या वेळी लाईव्ह हजेरीची सक्ती केली, तर ज्यांच्यासाठी ही सोय केली तेच पहिले गळतील.

हा विचार या जिल्ह्याला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात न्यायची. गुरं राखतंय, तर कुरणात भरवायची. अंगणवाडी आणि कुरणशाळा यामागची दृष्टी हीच. ऑनलाइन शिक्षणाला याहून वेगळं तत्त्व आम्हाला दिसत नाही.

तेव्हा घटक तयार झाला की तीन गोष्टी तपासा : तो साध्या मोबाईलवर उघडतो का, त्यात विद्यार्थ्याच्या गावातलं काही आहे का, आणि त्याने विचारलेल्या शंकेला आठवड्याच्या आत माणूस उत्तर देणार आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण अभ्यासक्रम नव्हे, फक्त फिती तयार केल्या.

चौथ्या अंगाबद्दल, म्हणजे मूल्यमापनाबद्दल, पुढच्या व्याख्यानात बोलू. तोवर तुमच्या शंका जरूर पाठवा.