परमुलखात मूल वाढवताना : टेमघरमधील स्थलांतरित कुटुंबे, गैरसमज आणि वस्तुस्थिती

टेमघर हा भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या हद्दीतील, कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा परिसर असून (पुणे जिल्ह्यातील धरणाचे टेमघर निराळे), ज्या शहराचा तो भाग आहे त्या भिवंडीचे यंत्रमाग परप्रांतांतून आलेल्या कामगारांच्या श्रमावर चालत आले आहेत. तेलंगणातील पद्मशाली विणकर येथे फार पूर्वी स्थिरावले, तर उत्तर प्रदेश आणि बिहारमधून येणाऱ्यांचा ओघ अद्याप थांबलेला नाही. एकटा पुरुष येऊन मागावर राबतो आणि गावी पैसे धाडतो हे चित्र आता अपुरे ठरते, कारण अनेक संसार चाळीतल्या एका खोलीत सुरू होतात आणि मुलेही येथेच जन्मतात. बाळंतिणीभोवती गावी असणारे सासू, जाऊ, आई आणि अनुभवी शेजारीण यांचे वर्तुळ मात्र तिच्याबरोबर येत नाही. ही पोकळी कशी भरावी, याविषयी खुद्द अशा कुटुंबांत आणि त्यांच्या शेजाऱ्यांतही काही समजुती घट्ट रुजल्या असून त्यांची किंमत तान्ह्या मुलांना मोजावी लागते.

मूळ पत्ता दुसऱ्या राज्यातला असल्यामुळे येथील अंगणवाडीत नाव लागत नाही, हा त्यांतील सर्वांत नुकसानकारक गैरसमज होय. अंगणवाडी ही २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील वस्तीपातळीवरची संस्था असून तिचा लाभ शिधापत्रिकेवरील पत्त्यावर अवलंबून नसतो. मूल जेथे राहते तेथील अंगणवाडीने त्याची नोंद करणे अपेक्षित असते. लाभार्थ्यांची नोंद ठेवणारी ‘पोषण ट्रॅकर’ ही संगणकीय प्रणाली २०२१ पासून वापरात असून, कुटुंबाने गाव सोडले तर तेथील नोंद नव्या ठिकाणच्या अंगणवाडीकडे वळवण्याची सोय तिच्यात आहे. बालकाचे आधार कार्ड नसल्यास आईच्या आधारावरही नोंद होऊ शकते. त्यामुळे ‘गावाहून कागद आणा’ असे ऐकून परत फिरणारी आई आपला हक्क नाही म्हणून नव्हे, तर तो आपल्याला आहे हे कोणी सांगितले नाही म्हणून रिकाम्या हाती जाते.

जन्मनोंदणीबाबतही असाच घोळ आढळतो. मूल भिवंडीत जन्मले तरी त्याची नोंद वडिलांच्या गावी व्हायला हवी असे अनेकांना वाटते. वास्तविक १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्म जेथे झाला तेथेच नोंद होते आणि २१ दिवसांच्या आत ती विनाशुल्क असते. बारसे व्हायचे आहे, नाव ठरलेले नाही, म्हणून थांबण्याचेही कारण नाही, कारण नाव मागाहून भरता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी हा दाखला शाळाप्रवेशापासून पुढे अनेक कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा ठरवण्यात आल्याने त्याचे महत्त्व वाढले आहे. तरीही दाखला नाही म्हणून शाळेने मुलाला परत पाठवणे गैरच, कारण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारण्यास मनाई करते.

लसीकरण गावी अर्धवट राहिले आणि कार्ड हरवले, म्हणजे सारे पहिल्यापासून करावे लागेल किंवा आता वेळ निघून गेली, ही समजूतही चुकीची आहे. माता-बाल संरक्षण कार्ड हे घडीचे कार्ड असते. त्याच्या एका भागात जन्मतः, ६, १० आणि १४ आठवड्यांनी, ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुढे १६ ते २४ महिन्यांदरम्यान द्यायच्या लसींचे रकाने असतात, तर दुसऱ्या भागातील आलेखावर हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे पट्टे असतात व मुलाच्या वजनाचा ठिपका त्यांपैकी कोठे पडतो यावरून त्याची वाढ नीट आहे की खुंटली आहे हे अक्षरओळख नसलेल्या आईलाही दिसते. हे कार्ड देशभर चालते, हरवल्यास नवे मिळते, आणि चुकलेला डोस वयाच्या मर्यादेत असेल तर पूर्वीचे डोस पुन्हा न देता राहिलेले तेवढे दिले जातात. या दिरंगाईचा धोका काल्पनिक नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि भिवंडी येथे गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा त्याची झळ प्रामुख्याने लस न घेतलेल्या किंवा अपुरी घेतलेल्या मुलांना बसली.

गावची माणसे जवळ राहतात किंवा फोनवर भेटतात, एवढे पुरेसे आहे, या समजुतीत अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच ती काळजीपूर्वक तपासली पाहिजे. परदेशातील उदाहरण घ्यायचे तर, लंडनमधील महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून मराठी कुटुंबांना सणवार आणि आपली भाषा देत आले आहे. पण तेथे जन्मलेल्या मराठी बाळाला कोणती लस केव्हा द्यायची हे मंडळ ठरवत नाही, ते तेथील हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरभेटी देणारी प्रशिक्षित परिचारिका, सांगते. भारतात प्रत्येक नवजात बालकाला दिली जाणारी बीसीजी तेथे सरसकट दिली जात नाही, इतका स्थानिक फरक पडतो. सोबत आणि सल्ला या दोन स्वतंत्र गरजा आहेत, आणि आपल्या माणसांकडून मिळणारी सोबत अनमोल असली तरी प्रत्येक सल्ला ग्राह्य ठरत नाही. उन्हाळ्यात तान्ह्याला वरचे पाणी पाजा, जन्मल्यावर मध चाटवा, पहिला पिवळसर चीक पिळून टाका, असे मायेने दिले जाणारे सल्ले घातक आहेत: पहिले सहा महिने आईचे दूध हेच अन्न आणि पाणी असते, मधामुळे एक वर्षाखालील मुलास बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते, आणि चिकातील प्रतिकारद्रव्ये बाळाचे संसर्गापासून रक्षण करतात. हलक्या हाताने तेल लावणे किंवा बाळंतिणीला विश्रांती देणे या रूढींना मात्र कोणाचाही आक्षेप नसावा.

अंगणवाडी म्हणजे खिचडीचे केंद्र, हा समज शिकलेल्या शेजाऱ्यांतही आहे. तेथे वजन-उंची मोजली जाते, गरोदर स्त्रियांचे आणि मातांचे मेळावे भरतात, आणि नव्याने आलेल्या स्त्रीला आपल्यासारख्या इतर आया प्रथम बहुधा तेथेच भेटतात. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात, जे २०१३ मध्ये सुरू झाले, २०० ते ५०० घरांमागे एक आशा कार्यकर्ती आणि ५० ते १०० घरांमागे वस्तीतल्याच स्त्रियांची एक महिला आरोग्य समिती अशी रचना आहे. कागदावरची ही रचना प्रत्येक गल्लीत तितकीच जिवंत असते असे नाही, परंतु ती तेव्हाच जिवंत होते जेव्हा समितीत भोजपुरी, उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्या स्त्रियाही बसतात.

घरात एक भाषा आणि बाहेर मराठी असल्याने मूल उशिरा बोलते, हीदेखील निराधार भीती आहे. दोन भाषा ऐकल्याने वाचादोष होत नाही. आईने आपल्या भाषेतच बाळाशी भरपूर बोलावे. मराठी ते अंगणात आणि अंगणवाडीत शिकते. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, तर भाषेला दोष न देता त्याची श्रवणशक्ती तपासून घ्यावी.

परप्रांतीय माणसे विचारतच नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, नुकत्याच आलेल्या बाईला कोणाला विचारायचे हेच ठाऊक नसते. म्हणून टेमघरमधील ज्या घरमालकाच्या खोलीत तान्हे मूल असलेले कुटुंब राहायला येईल, त्याने भाड्याची रक्कम ठरवतानाच त्या आईला जवळची अंगणवाडी दाखवावी आणि आशाताईंचा फोन नंबर लिहून द्यावा.